पाच जणांचं रोटेशन, सहाव्याची बेगमी

मार्चमधली सकाळ. अ‍ॅरिझोनातल्या पिओरियाचं मुख्य स्टेडियम अजून बंद आहे, पण मागच्या सरावाच्या मैदानांवर सिअ‍ॅटल मरिनर्स या बेसबॉल संघाचे पिचर केव्हाच घामाघूम झालेत. जाळीला टेकून मी एका डावखुऱ्या पोराकडे बघत होतो. चेंडू झकास पडत होते, कॅचरच्या मिटमध्ये फट्कन बसत होते. तरी 45वा चेंडू टाकला तसा प्रशिक्षकाने हात पुढे केला. पोराने एक बोट वर केलं, अजून एकच. प्रशिक्षकाचा हात तसाच. पोराने चेंडू त्या तळव्यावर ठेवला आणि टोपी काढून तो टॉवेलकडे वळला.

त्या 45 मध्ये सगळं गणित आहे. हंगाम 162 सामन्यांचा, सहा महिन्यांत उरकायचा. सामना सुरू करणारा पिचर, म्हणजे स्टार्टर, एका दिवशी 90-100 चेंडू टाकतो. मग चार-पाच दिवस त्याच्या खांद्याला नि कोपराला विसावा लागतो. म्हणून पाच जण आळीपाळीने. पण हात एकदम शंभराला पोचत नाही. हंगामापूर्वीच्या या शिबिरात तिसाच्या आसपास सुरुवात, पुढे दर खेपेला दहा-पंधराची भर. मधेच त्याला रिलीव्हर, म्हणजे स्टार्टरनंतर येणारा पिचर, करून वीस-वीस चेंडूंवर ठेवलं, की ही कमाई जाते.

आणि कोपर कधी दगा देईल, सांगता येत नाही. लिगामेंट फाटलं तर टॉमी जॉन शस्त्रक्रिया. 1974 साली डॉ. फ्रँक जोब यांनी ती पहिल्यांदा ज्या पिचरवर केली, त्याचंच नाव तिला पडलं. परतायला सहसा वर्षाहून जास्त काळ जातो.

म्हणूनच पहिली तीन नावं बहुधा फेब्रुवारीतच ठरलेली असली, तरी चौथ्यापासून आठव्यापर्यंत खल चालूच राहतो. 26 जणांच्या संघात पिचर जास्तीत जास्त 13. ज्याचे ‘ऑप्शन’, म्हणजे थेट खाली पाठवण्याच्या सवलती, शिल्लक आहेत, त्याला टॅकोमाच्या दुय्यम संघात पाठवून परत बोलावता येतं. ज्याचे संपले, त्याला खाली धाडण्याआधी बाकीच्या 29 संघांना तो उचलण्याची मुभा द्यावी लागते. त्यामुळे मार्चमध्ये सरस ठरलेलाच कधी कधी टॅकोमाची वाट धरतो. पोराच्या मनाला ते लागणारच. तरी मला हा निर्णय पटतो. वर रिलीव्हरांच्या बुलपेनमध्ये ताटकळण्यापेक्षा तिथे ठरल्या दिवशी 90 चेंडू टाकत राहिलेला हातच मे महिन्यात उपयोगी पडतो.

2003 साली मरिनर्सला अशी बेगमी लागलीच नाही. मोयर, गार्सिया, पिन्येरो, मेश आणि फ्रँकलिन या पाचांनीच सगळे 162 सामने सुरू केले. 40 वर्षांच्या मोयरने 21 जिंकले, संघाने 93. तसं वर्ष पुन्हा येईल या भरवशावर कुणी संघ बांधू नये.

सिअ‍ॅटलला आलात, तर एक संध्याकाळ टॅकोमाच्या चेनी स्टेडियमसाठी राखून ठेवा. गाडीने तासाभराचा रस्ता आहे. सहावा पिचर तिथेच बघायला मिळेल.