पॉप आर्टमधल्या स्त्रिया – भाग ४ : पन्नास वेळा मेरिलिन

मागच्या भागात आपण पॉप आर्टची भडक रंगसंगती पाहिली. आज एकाच चित्रापाशी थांबू : अँडी वॉरहॉलचं ‘मेरिलिन डिप्टिक’.

मेरिलिन मन्रो ऑगस्ट १९६२मध्ये गेली. वय अवघं ३६. त्यानंतर लगेचच वॉरहॉलने तिचा चेहरा छापायला घेतला. त्यासाठी त्याने निवडला १९५३च्या ‘नायगारा’ चित्रपटाच्या जाहिरातीचा फोटो, म्हणजे स्टुडिओने तिकिटं खपवण्यासाठी घडवलेला चेहरा. खरी नॉर्मा जीन, म्हणजे मेरिलिन होण्याआधीची ती, या चित्रात पहिल्यापासूनच नाही.

लग्नपत्रिका छापताना तुम्ही स्क्रीन प्रिंटिंग पाहिलं असेल. जाळीवर शाई ओतायची, रबराची पट्टी ओढायची, खाली छाप उमटतो. वॉरहॉलचीही रीत हीच. हे चित्र दोन पटांचं आहे. डाव्या पटावर त्याने आधी सपाट रंग भरले आणि त्यांवर काळा छाप उठवला. छाप आणि रंग नेमके जुळत नाहीत. ओठांची लाली ओठांबाहेर जाते, पापण्यांवरचा निळा रंग चिकटवल्यासारखा दिसतो, पिवळे केस टोपासारखे बसतात. मेरिलिनचे मूळ केस तपकिरी होते. हा पिवळा रंग तिच्यावर चढवलेला होता आणि चित्रातही तो चढवलेलाच दिसतो. मला या चित्रातलं सगळ्यात बोलकं प्रतीक हेच वाटतं : चेहरा आणि मेकअप यांच्यातली ती बारीक फट.

उजव्या पटावर रंग नाहीत. डाव्यासारखेच २५ चेहरे, पण फक्त काळ्या शाईत. एका रांगेत शाई इतकी साचली आहे की डोळे बुडाले आहेत. पुढे छाप फिका होत जातो आणि कडेला पोहोचेपर्यंत चेहरा जेमतेम उरतो. मृत्यू दाखवायला वॉरहॉलला ना कवटी लागली ना मेणबत्ती. शाई कमी पडणं पुरलं.

डिप्टिक म्हणजे जोडपट. ख्रिस्ती परंपरेत अशा जोडपटांवर संतांची चित्रं असत. दोन्ही पट जोडून मांडावेत, ही सूचना संग्राहक एमिली ट्रीमेन यांची. पण ती वॉरहॉलला परकी वाटली नसणार. पिट्सबर्गमधलं त्याचं बालपण बायझंटाइन कॅथलिक चर्चमध्ये, संतांच्या चित्रांनी भरलेल्या भिंतीसमोर गेलं. १९६२मध्येच त्याने सोनेरी पार्श्वभूमीवर एकटी मेरिलिनही केली, थेट त्या पवित्र चित्रांसारखी. ‘त्याने तिला देवी केलं’ असं म्हणून अनेक जण थांबतात. मला ते अर्धवट वाटतं. ज्या छापखान्याने तिला देवी केलं, त्यानेच तिला झिजवलं, हे दोन्ही पट एकत्र पाहिल्यावरच कळतं.

हे चित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयाच्या मालकीचं आहे. त्याची छापील प्रत हाती आली तर आधी उजवा पट पाहा, मग डावा. पुढच्या आठवड्यात रॉय लिक्टेनस्टाइनची १९६३ची ‘ड्राउनिंग गर्ल’.