करमरकरांचे ब्राँझ

विनायक पांडुरंग करमरकर (१८९१–१९६७) अलिबागजवळच्या सासवण्याचे. गावातल्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी काढलेले शिवरायांचे चित्र कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांनी पाहिले आणि या मुलाची पाठवणी थेट मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये झाली. पुण्याचा अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा त्यांचाच. १९२८ साली तो उभा राहिला. त्याचे ब्राँझचे ओतकाम माझगाव डॉकमध्ये झाले.

ब्राँझ म्हणजे मुख्यतः तांबे, त्यात थोडे कथील. शिल्पकार आधी मातीत घडवतो, त्यावरून प्लास्टरचा साचा घेतो. मेणाच्या पद्धतीत साच्याच्या आतून मेणाचा पातळ थर देतात, पोकळीत गाभा भरतात, बाहेरून लेप चढवून भट्टीत तापवतात. मेण वितळून जाते, त्या जागी हजार अंशांवर तापलेला रस ओततात. म्हणूनच पुतळा आतून पोकळ असतो. थर कमीजास्त झाला, ओल राहिली, तर ओतीव फुकट जाते. पुढे छिन्नी-कानशीने साफसफाई, मग रसायनांनी रंग.

सासवण्याच्या त्यांच्या घरी आज संग्रहालय आहे. तिथली बरीच शिल्पे सिमेंट-प्लास्टरची आहेत, तरी जरूर पाहावीत: ब्राँझमागचा हात तिथे जवळून दिसतो.