जातीचा वाटा किती? आधी रांग दाखवा!

३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारने आगामी जनगणनेत जातनिहाय मोजणी करण्याचा निर्णय जाहीर केला. आकडे आले की मागोमाग पंडितही येतील. ‘शिक्षण आणि जमीन हिशेबात धरली की जातीचा वाटा किरकोळ उरतो,’ असे ते सांगतील. हा हिशेब कार्यकर्त्यांनी आजच समजून घ्यावा, असे आम्हाला वाटते.

आमच्या सोलापूर जिल्ह्यातले श्रीपूर घ्या. साखर कारखान्याचे गाव. समजा, तिथल्या घराघरांच्या उत्पन्नातला ३० टक्के फरक एकट्या शिक्षणाने उलगडतो, एकट्या जातीने २४ टक्के; पण दोन्ही मिळून ५४ नव्हे, ४०च. (आकडे केवळ समजण्यापुरते.) कारण १४ टक्के दोघांत सामाईक आहेत. शिक्षण आधी मांडले तर त्याला ३०, जातीला १०. जात आधी मांडली तर तिला २४, शिक्षणाला १६. माणसे तीच, रांग बदलली!

संख्याशास्त्रात यावर तोड आहे. सगळ्या रांगा लावून प्रत्येकाच्या वाट्याची सरासरी काढायची. लॉइड शॅप्ली यांनी १९५३ साली मांडलेल्या वाटणीच्या तत्त्वाचीच ही रीत. मग शिक्षणाला २३, जातीला १७. पण सामाईक १४ निम्मे-निम्मे वाटले, ते कोणत्या न्यायाने? माणूस जात घेऊन जन्मतो, शाळेत नंतर जातो. जमिनीचेही तेच. माळशिरस तालुक्यात नीरा उजव्या कालव्याचे पाणी आले, ते जमीन असणाऱ्याच्या बांधावर. आणि महार वतनाचे बिल बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात मांडले, ते काय उगाच?

आणखी एक गोम. सगळीच घरे भूमिहीन असलेल्या एकाच वस्तीची पाहणी केली, तर जमिनीचा वाटा शून्य निघेल! फरकच नाही, तर उलगडणार काय?

मधेस्वरन आणि अटेवेल यांनी २००७ साली शहरी पगारी नोकऱ्यांचा अभ्यास मांडला. बरोबरीची पात्रता असूनही भेदभावामुळे अनुसूचित जाती-जमातींना १५ टक्के कमी वेतन मिळते, असे त्यांना आढळले. ही केवळ समान पात्रता गाठलेल्यांची गोष्ट. पात्रतेपर्यंत पोहोचूच दिले नाही, त्यांचे नुकसान यात धरलेलेच नाही.

तेव्हा कोर्टात वा आयोगापुढे असा तक्ता आला, तर आमच्या वकील बांधवांनी पहिला प्रश्न हाच विचारावा: कोणता घटक आधी मांडला, आणि उलट मांडल्यावर काय निघाले? तो दुसरा तक्ताही मागून घ्यावा.