शाहिराचे गाणे आणि न्यायासनाचे कान

बालाघाट शहराजवळ भरवेली येथे जी भूमिगत खाण आहे, ती आशियातील सर्वांत खोल मँगनीज-खाणींत गणली जाते. तेथे पाळीवर जाणारा कामगार डोक्यावर टोप चढवतो, टोपाला दिवा लावतो आणि मग खाली उतरतो. खाली हवा खेळती कशी ठेवावी, विषारी वायूची तपासणी कशी करावी, याविषयी नियम आहेत. १९५२ च्या खाण कायद्याच्या आधाराने ते घडत आले. जमिनीच्या पोटात जाणाऱ्या माणसाला श्वास घ्यावा लागतो, एवढी साधी गोष्ट त्या कायद्याने मान्य केली होती.

शहरात असाच आणखी एक माणूस जमिनीच्या पोटात उतरतो. तो गटार साफ करणारा कामगार होय. त्याच्या डोक्यावर बहुधा टोप नसतो, तोंडावर मुखवटा नसतो आणि खालची हवा कोणी आधी तपासलेली नसते. अशा एका कामगाराचा मृत्यू आणि एका शाहिराचे गाणे यांची गाठ घालून मराठीत एक चित्रपट निघाला. त्याचे नाव ‘कोर्ट’. चैतन्य ताम्हाणे यांनी तो लिहिला व दिग्दर्शित केला. २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याला दोन पुरस्कार मिळाले. पुढे सर्वोत्कृष्ट कथाचित्राचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला लाभला आणि एप्रिल २०१५ मध्ये तो आपल्याकडील चित्रपटगृहांत आला. पुरस्कारांमुळे त्याचे नाव झाले खरे. परंतु त्याची गोडी कळण्यास तो कसा पाहावा हे थोडे समजून घ्यावे लागते. नाचगाण्यांची सवय असलेल्या प्रेक्षकाला तो प्रथमदर्शनी संथ आणि कोरडा वाटण्याचा संभव आहे.

कथानक दोन वाक्यांत सांगता येईल. नारायण कांबळे हा पासष्टीच्या घरातला लोकशाहीर सकाळी मुलांची शिकवणी घेतो आणि संध्याकाळी वस्त्यावस्त्यांतून गातो. गाणे रंगात आले असताना पोलीस मंचावर चढतात आणि त्याला धरून नेतात. आरोप असा की, गटारात गुदमरून मरून जावे अशा अर्थाचे गाणे त्याने एका वस्तीत म्हटले आणि ते ऐकून दोनच दिवसांनी वासुदेव पवार नावाच्या सफाई कामगाराने गटारात जीव दिला. म्हणजे गाण्याने आत्महत्येस प्रवृत्त केले! त्या काळच्या भारतीय दंडसंहितेचे ३०६ वे कलम या गुन्ह्यासाठी दहा वर्षांपर्यंतची शिक्षा सांगत होते. जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आहे. गुन्हा मात्र नव्या कायद्यातही आहेच.

आता हा आरोप हास्यास्पद का ठरतो, हे मराठी श्रोत्याला समजावून सांगण्याची वास्तविक गरज पडू नये. एकनाथमहाराजांच्या भारुडातील सासुरवाशीण भवानीला नवस करते आणि सासरची एकेक माणसे उचलून नेण्याची विनवणी करते. ते भारूड शतकानुशतके देवळात, जत्रेत गाइले जात आहे. त्यातील शब्द जसेच्या तसे कागदावर उतरवून एखाद्या फौजदाराने खुनाचा कट म्हणून नोंदवले, तर गाव त्याला हसेल. कारण शब्द काय म्हणतात आणि गाणे काय सांगते, या दोन गोष्टी निराळ्या आहेत हे गावाला ठाऊक असते. वैनगंगेच्या खोऱ्यातील दंडार आणि खडी गंमत यांतही सोंगाड्या उफराटे बोलतो. लोक हसतात आणि हसता हसता अंतर्मुख होतात. ‘मरा एकदाचे’ असे शाहीर म्हणतो तेव्हा तो मरणाचे आमंत्रण देत नसतो. ज्यांनी हे जिणे मरणासारखे करून टाकले त्यांना तो खडसावत असतो.

ही परंपरा नवी नव्हे. १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन झाल्यानंतर त्याचे जलसे खेडोपाडी फिरले. त्यामागून आंबेडकरी जलसे आले. भीमराव कर्डक आणि वामनदादा कर्डक यांची गाणी लोकांच्या ओठांवर बसली. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्याच आवाजांनी मैदाने दुमदुमली. चित्रपटातील नारायण कांबळे याच घराण्याचा आहे. त्याची गाणी रचून देणारे संभाजी भगत हे स्वतः शाहीर आहेत. ही गाणी वाद्यवृंदाच्या थाटात ध्वनिमुद्रित केलेली नसून डफ-ढोलकीच्या साथीने आणि साथीदारांच्या झिलीने मंचावर उभी राहतात, म्हणून ती खरी वाटतात.

येथे दिग्दर्शकाने एक विलक्षण गोष्ट केली आहे. ज्या गाण्यावरून खटला उभा राहिला, ते गाणे प्रेक्षकाला ऐकायला मिळतच नाही! ऐकू येतो तो फक्त त्याचा गद्य सारांश, तोही सरकारी कागदांतून. गाण्याची चाल गेली, ठेका गेला, समोर बसलेली माणसे गेली आणि उरला तो एक पंचनामा. न्यायालयात गाणे पोचते ते असे, प्राण काढून घेतलेल्या अवस्थेत. चित्रपटाला प्रसंग रंगवणारे पार्श्वसंगीतही जवळजवळ नाहीच. पंख्याची घरघर, कागदांची सळसळ, टंकलेखकाला मजकूर सांगणारा न्यायाधीशांचा एकसुरी आवाज, हेच काय ते न्यायालयाचे संगीत.

न्यायालयाबाहेर मात्र प्रत्येकाचे आपापले जग आहे आणि कॅमेरा त्या प्रत्येकाच्या मागे घरापर्यंत जातो. हाच या चित्रपटाचा सर्वांत मौलिक भाग आहे. सरकारी वकील नूतन (गीतांजली कुलकर्णी) दिवसभर कांबळेला तुरुंगात ठेवण्यासाठी कायद्याची कलमे वाचते. संध्याकाळी लोकलच्या डब्यात ती साड्यांच्या गोष्टी करते, मुलाला घेऊन घरी येते, स्वयंपाक करते, सर्वांना वाढते. सुटीच्या दिवशी ती सहकुटुंब नाटकाला जाते. परप्रांतीयांची टवाळी करणाऱ्या त्या नाटकाला सारे प्रेक्षागृह टाळ्या देते. आरोपीचे वकील विनय व्होरा (विवेक गोम्बर) सुखवस्तू घरातले. ते मोटारीतून हिंडतात आणि रात्री एका उंची मद्यगृहात बसून परक्या भाषेतले गाणे ऐकतात. नूतन काही दुष्ट नाही आणि व्होरा तर सज्जनच आहेत. तरीसुद्धा तिचे नाटक, त्यांचे मद्यगृहातले गाणे आणि कांबळेचा जलसा हे तिन्ही एकाच शहरात चालत असूनही एकाचा आवाज दुसऱ्याच्या कानी पडत नाही. माणूस काय ऐकण्यासाठी पैसे आणि वेळ खर्च करतो, यावरून त्याला कोणाचे जिणे ठाऊक आहे हे कळते. न्यायालयात वादी-प्रतिवादी समोरासमोर उभे राहतात. एकमेकांच्या घरी मात्र ते कधी गेलेले नसतात.

चित्रपटाचे हृदय आहे ती वासुदेवच्या विधवेची साक्ष. ही बाई उगीच रडत नाही, आवाज चढवत नाही. विचारले तेवढ्याचे उत्तर देते. नवऱ्याला कामावर संरक्षणाचे साहित्य मिळत नसे. घाणीचा वास सोसवावा म्हणून तो दारू पीत असे. त्या वायूने त्याचा एक डोळा आधीच गेला होता. उतरण्यापूर्वी तो गटारात खडा टाकून पाही. झुरळे बाहेर पडली तर खाली हवा आहे असे समजे. जेथे यंत्राने हवा तपासायची, तेथे हा माणूस झुरळांच्या भरवशावर आपला जीव ठेवी! शवपरीक्षेत हायड्रोजन सल्फाइडने गुदमरल्याचे निघते. हा वायू हवेहून जड असल्यामुळे गटाराच्या तळाशी साचून राहतो. थोडा असला तर कुजक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढले की तो घ्राणशक्तीच बधिर करून टाकतो. मग वास गेला म्हणजे धोका गेला असे माणसाला वाटते आणि पुढच्या काही क्षणांत तो कोसळतो. अशा मृत्यूला आत्महत्या म्हणावे काय? आणि ती आत्महत्या नसेल, तर वासुदेवला कोणी मारले? शाहिराचे गाणे नेमका हाच प्रश्न विचारत होते. न्यायालय मात्र गाण्याची चौकशी करते, गटाराची करीत नाही. साक्ष आटोपल्यावर व्होरा त्या बाईला पैसे देऊ करतात. तिला हवे असते काम.

हे केवळ पडद्यावरचे आहे असे समजण्याचे कारण नाही. माणसांकडून मैला साफ करवून घेण्यास आणि संरक्षणावाचून गटारात उतरवण्यास बंदी करणारा कायदा २०१३ साली झाला. २७ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासून गटारात मृत्यू पावलेल्या प्रत्येक कामगाराच्या कुटुंबाला दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रक्कम तीस लाख करण्यात आली. भरपाईची रक्कम वाढवावी लागली, याचाच अर्थ मृत्यू थांबलेले नाहीत.

पुढे कांबळेला जामीन मिळतो. तो पुन्हा मंचावर उभा राहतो, पुन्हा गातो. आपल्या पुस्तकाच्या छपाईच्या कामात असताना पोलीस त्याला दुसऱ्यांदा धरतात आणि या वेळी आरोप अधिक कठोर कायद्याखालचा असतो. तेवढ्यात उन्हाळ्याची सुटी लागते. न्यायालय महिनाभर बंद होते. एकेक दिवा मालवला जातो आणि रिकामे दालन काळोखात बुडते. दुसरा दिग्दर्शक असता तर त्याने चित्रपट येथेच संपवला असता. ताम्हाणे प्रेक्षकाला न्यायाधीशमहाराजांच्या सहलीला नेतात. तेथे ते एका गृहस्थाला, मूल बोलत नाही यावर उपाय म्हणून, नाव बदलण्याचा आणि खड्याची अंगठी घालण्याचा सल्ला देतात आणि मग बाकावर बसल्या बसल्या झोपी जातात. खेळकर मुले जवळ येऊन एकदम ओरडतात. न्यायाधीश दचकून जागे होतात आणि हाती सापडलेल्या मुलाला चापट मारतात. थोड्या वेळाने त्यांचे डोळे पुन्हा मिटतात. झोपमोड करणाऱ्याला शिक्षा! नारायण कांबळेचा तरी दुसरा गुन्हा कोणता होता?

सामान्य माणसाचा दिवस आणि त्याचे संगीत यांतून एका शहराचे अंतरंग दाखवण्याचा प्रयत्न दूर क्यूबातही झाला आहे. फर्नांदो पेरेझ यांच्या ‘स्वीत हबाना’ (२००३) या चित्रपटात हवाना शहरातील एक दिवस पहाटेपासून उलगडतो. संभाषण जवळजवळ नाही. शहराचे आवाज आणि संगीत हीच त्याची भाषा. रेल्वेमार्गावर राबणारा माणूस फावल्या वेळी सॅक्सोफोन वाजवतो. एक वृद्धा रस्त्यावर शेंगदाणे विकते. अखेरीस प्रत्येकाचे नाव आणि त्याचे स्वप्न पडद्यावर उमटते. त्या म्हातारीपाशी मात्र आता स्वप्न उरलेले नाही. हवानाच्या चित्रपटात संगीत थकलेल्या माणसाला उभे राहण्याचे बळ देते, मुंबईच्या चित्रपटात ते माणसाला तुरुंगात नेते. तरी दोन्हीकडे धडा एकच की, ज्याचे गाणे ऐकायचे त्याचा दिवस आधी पाहिला पाहिजे.

नारायण कांबळेची भूमिका करणारे वीरा साथीदार हे व्यवसायाने नट नव्हते. नागपूरचे ते कार्यकर्ते ‘विद्रोही’ या नियतकालिकाचे संपादन करीत. नागपूर आणि बालाघाट १९५६ च्या नोव्हेंबरपर्यंत एकाच राज्यात होते. राज्याची सीमा पुढे मधून गेली. शाहिराचा आवाज मात्र दोन्हीकडच्या मराठी माणसाला सारखाच ओळखीचा राहिला. १३ एप्रिल २०२१ रोजी करोनाच्या साथीत साथीदार यांचे नागपुरात निधन झाले. दुसऱ्या दिवशी डॉ. आंबेडकरांची जयंती होती.

चित्रपटात खटल्याचा निकाल लागत नाही. पुष्कळ प्रेक्षकांना ही उणीव वाटते. परंतु वासुदेव ज्या गटारात उतरला त्याचे झाकण आपल्या रस्त्यावरही आहे. खाली उतरणाऱ्या माणसाला खाणीतल्या कामगाराइतकी तरी हवा मिळते की नाही, याची चौकशी नगरपालिकेत जाऊन कोणाही नागरिकाला करता येते. शाहिराचे गाणे ज्याच्या कानी पडले, त्याने एवढे जरी केले तरी ते गाणे वाया गेले असे म्हणता येणार नाही.