भेगेचा हिशेब मांडणारे ग्रिफिथ

काचेतल्या अणुबंधांवरून तिची जी ताकद निघते, तिच्या कितीतरी कमी ताणाला काच का फुटते, हा अ‍ॅलन अर्नोल्ड ग्रिफिथ (1893-1963) यांच्यापुढचा प्रश्न होता. इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात त्यांनी काचेचे अतिबारीक तंतू ओढून तोडले. तंतू जितका बारीक, तितकी ताकद जास्त निघाली. 1921 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी याचे कारण दिले. काचेत डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतात. भेग सरकली की ताणाने साठलेली ऊर्जा मोकळी होते, आणि नवे पृष्ठभाग तयार होण्यात ऊर्जा खर्ची पडते. मोकळी होणारी ऊर्जा त्या खर्चाला पुरली की भेग आपसूक धावत सुटते. भेग चौपट लांब असेल, तर निम्माच ताण पुरतो.

ग्रिफिथ पुढे जेट इंजिनांकडे वळले. भेगांवर त्यांनी लिहिले ते थोडेच, पण त्या थोड्या पानांनी मजबुतीचा विचारच बदलला. पोलाद मात्र या हिशेबात बसेना, कारण भेगेच्या टोकाशी ते ताणले जाते आणि त्यात पुष्कळ ऊर्जा जिरते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची वेल्डिंगने जोडलेली लिबर्टी जहाजे दुभंगली, तेव्हा हा प्रश्न टाळता येईना. जॉर्ज आयर्विन (1907-1998) यांनी ती जिरणारी ऊर्जाही हिशेबात धरली.

भेगांचा हा प्रश्न काँक्रीटच्या धरणांनाही चुकत नाही. कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात गणेशगुडीला काळी नदीवर 101 मीटर उंच आणि 332 मीटर लांब असे सुपा धरण आहे. काँक्रीटचे हे गुरुत्व धरण पाण्याचा रेटा स्वतःच्या वजनावर पेलते. काँक्रीटची ताण सोसण्याची ताकद दाब सोसण्याच्या ताकदीच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकीच असते, म्हणून अशा धरणात ताण शक्यतो येऊच नये अशी आखणी करतात. पाण्याच्या अंगाला भेग पडली, तर आत शिरलेले पाणी पाचरीसारखे तिला रुंदावते.

भूकंपात ही आखणी अपुरी पडू शकते, हे कोयना धरणाने दाखवले. सुमारे 103 मीटर उंचीचे ते धरण गुरुत्वाच्या पाच टक्के आडवा हादरा धरून आखलेले होते. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे झालेल्या भूकंपात धरणावरच्या उपकरणात नदीच्या दिशेने एकोणपन्नास टक्क्यांची नोंद झाली. खालच्या अंगाचा उतार जिथे एकदम बदलतो, त्या पातळीला उंच खंडांवर दोन्ही अंगांनी आडव्या भेगा पडल्या. अशा कोनात ताण एकवटतो. धरण उभे राहिले. पुढे भेगा भरल्या, ताणलेल्या केबलींनी खंड आवळले आणि मागून काँक्रीटचे टेकू दिले.

काँक्रीटला ग्रिफिथ यांचे समीकरण थेट लागू पडत नाही, कारण भेगेच्या टोकापुढे बारीक चिरांचा पट्टा असतो आणि खडी दोन्ही कडा काही काळ धरून ठेवते. स्वीडनच्या आर्ने हिलरबोर्ग यांनी 1976 मध्ये सहकाऱ्यांसह हा पट्टा गणितात आणला. पाया मात्र ऊर्जेच्या हिशेबाचाच राहिला. काँक्रीटच्या धरणांसाठी त्यानंतर आलेल्या अनेक संगणकीय पद्धती संशोधकांनी कोयनेच्या हादऱ्याची नोंद आणि तिथल्या भेगा समोर ठेवून तपासल्या आहेत, आणि आजही तपासतात.