येशूच्या पुनरुत्थानाबद्दल शंका घ्यायची तर कुठून?

गणेश दामोदर तथा बाबाराव सावरकरांचं ‘ख्रिस्तपरिचय’ हे पुस्तक १९४६ साली आलं, २०१६ मध्ये पुन्हा छापलं गेलं. येशू क्रुसावर मेला नाही, वनौषधींनी वाचला आणि पुढे काश्मीरला आला, असं त्यात म्हटलंय. कादियानच्या मिर्झा गुलाम अहमद यांनीही १८९९ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात काश्मीरचीच वाट दाखवली होती. मला दोन्ही पटत नाहीत. त्या काळातला पुरावा एकही नाही.

खरी शंका बायबल नीट वाचलं की येते. पुनरुत्थित येशूच्या दर्शनांचा सर्वांत जुना सविस्तर लेखी उल्लेख प्रेषित पौलाचा, करिंथकरांस पहिल्या पत्रातला, साधारण इ. स. ५४ चा. येशू कोणाकोणाला दिसला याची यादी तिथे आहे, रिकाम्या कबरीची गोष्ट नाही. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या संपूर्ण हस्तलिखितांत कथा १६:८ ला थांबते. तो उठल्याचं एक तरुण सांगतो, स्त्रिया घाबरून पळतात, येशू कोणाला दिसतच नाही! दर्शनांचे तपशील मत्तय, लूक, योहान यांच्याकडे येतात.

जर्मन अभ्यासक डेव्हिड स्ट्राउसने १८३५ मध्ये मांडलं, की शिष्यांच्या मनात उमटलेल्या दर्शनांतून ही श्रद्धा उभी राहिली. मला हेच सर्वांत जवळचं वाटतं, कारण पौल त्या यादीत स्वतःलाही धरतो आणि त्याने येशूला हयातीत पाहिल्याचं कुठेच सांगितलेलं नाही.