दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही

दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही दहाबारा हौशी फोटोग्राफर एका मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत जमतो. प्रत्येकानं एकच फोटो आणायचा, तोही मोबाइलवर नाही, छापून. बारा बाय अठरा इंचांचा प्रिंट. खिशातले पैसे घालून छापायचं म्हटलं की कालपर्यंत लाडके असलेले बरेचसे फोटो आपोआप गळतात. निम्मी टीका घरीच उरकते.

फोटो पट्टीवर टेकवला की दोन मिनिटं सगळे गप्प. मग एकेकानं एवढंच सांगायचं, नजर आधी कुठं गेली आणि मग कुठं अडकली. चांगलं-वाईट त्यानंतर. ‘एक नंबर’ आणि ‘खतरनाक’ या शब्दांना बंदी आहे. ज्याचा फोटो, त्यानं शेवटपर्यंत तोंड उघडायचं नाही. यातली शेवटची अट सगळ्यात जाचक.

मला ती जेजुरीच्या फोटोनं शिकवली. सोमवती अमावास्येला गडाच्या पायऱ्यांवर तीन तास उभा होतो. शर्ट, भुवया, लेन्सची कड, सगळं पिवळं. पालखी आली, भंडारा उधळला गेला आणि त्याखाली एका म्हाताऱ्याचा वर झालेला चेहरा मला मिळाला. निदान मला तसं वाटत होतं. एकामागून एक सगळे म्हणाले, नजर वरच्या पिवळ्यावर जाते आणि तिथंच राहते. एकीला तर म्हातारा दिसलाच नव्हता. मी “अहो, पण तिथं...” एवढं म्हणालो आणि आमच्यातल्या काकांनी ओठांवर बोट ठेवलं. काकांची उमेदीची सगळी वर्षं डार्करूममध्ये गेली आहेत. प्रिंट जवळ घेऊन ते म्हणाले, “हा रंग सांडलाय. भंडारा म्हणजे पूड. पुडीचा कण दाखव मला.”

कण नव्हताच. घरी येऊन फाइल उघडली तेव्हा कारण कळलं. कॅमेऱ्यावर मी हिस्टोग्राम पाहिला होता, तो ठीक होता. पण तो एकूण उजेडाचा. हळदीच्या पिवळ्यात लाल वाहिनी सगळ्यांच्या आधी काठोकाठ भरते आणि तिथला पोत पुसला जातो. लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे आलेख पाहिले असते तर पाऊण स्टॉप कमी ठेवला असता. आणि म्हाताऱ्याचं काय? तो मला दिसत होता, कारण मी त्याच्या शेजारी उभा होतो. माझ्या नाकात अजून हळद होती. प्रिंटला वास नव्हता.

असं एकत्र बसून एकमेकांचे फोटो न्याहाळणं आपल्याकडे काही नवं नाही. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली, डॉ. भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते. तिथंही कुणाला तरी गप्प बसवावं लागत असेलच.

काकांचं हत्यार म्हणजे जाड लग्नपत्रिकेतून कापलेले दोन काटकोन. ते प्रिंटवर सरकवत चौकट लहानमोठी करायची. कुणी काही बोलायच्या आत नको असलेला विजेचा खांब बाहेर जातो. एकदा एकानं थेट फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँचा दाखला देत हरकत घेतली, “ब्रेसाँ फोटो कापायचा नाही.” काका शांतपणे म्हणाले, “सहसा नाही. पण पॅरिसचा तो १९३२चा डबक्यावरून उडी मारणारा माणूस? कुंपणाच्या फळ्यांमधून काढलेला. एका बाजूला फळी आली होती, ती कापली.” आणि काटकोन पुन्हा सरकवायला लागले.

ऐकून घेणं जमायला मला वर्ष लागलं. सांगणं अजून नीट जमत नाही. आमच्यातल्या एका कॉलेजच्या पोराला मी ऐटीत म्हणालो होतो, “पार्श्वभूमीत फार गर्दी आहे रे.” त्या फोटोपुरतं ते खरं होतं, चहावाल्याच्या डोक्यातून दोरी उगवली होती. दोन पावलं बाजूला सरक, एवढंच सांगायला हवं होतं. पुढच्या महिन्यात पोरगं मंडईचा फोटो घेऊन आलं. एफ १.८ वर काढलेला. भाजीवाल्या मावशींच्या डोळ्याची पापणी न् पापणी मोजावी अशी, आणि मागं नुसता हिरवा-लाल धूर. तराजू नाही, पाट्या नाहीत, महात्मा फुले मंडईचा अष्टकोनी मनोरा तर नाहीच. दोन मिनिटं झाली. काकांनी विचारलं, “या बसल्यात कुठं?” कुणालाच सांगता येईना.

पोरानं नियम मोडला. माझ्याकडे बघून म्हणालं, “दादा, गर्दी नको असं तुम्हीच म्हणाला होतात ना?”

पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता आम्ही दोघं मंडईत गेलो. मावशींची परवानगी त्यानंच काढली, बदल्यात मला दोन जुड्या मेथी घ्यावी लागली. मी कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. तो एफ ८ वर आला, मग गुडघ्यावर बसला. मागच्या गाळ्यावरचा पिवळा बल्ब मावशींच्या कानातून लोंबत होता. मला दिसत होता, जिभेवर आलं होतं. तो थांबला, स्क्रीनकडे बघितलं आणि हळूच डावीकडे सरकला.